आधी रिकामी पेटी पाळा

"साप पाळायचाय, कुठला घेऊ?" हा प्रश्न हल्ली मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो. विचारणारा बहुधा आपल्यातलाच असतो. पंचविशी-तिशीचा, आयटीत नोकरी, मीरा रोडला नाहीतर भाईंदरला वन बीएचके. कुत्रा आणला तर सोसायटीची कुरकुर, मांजर आणली तर घरमालकाची. मग कधीतरी रात्री नेटवर एक व्हिडिओ दिसतो. तळहातावर गुंडाळी करून बसलेला बॉल पायथन. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही, आठवड्या-पंधरवड्यातून एकदा जेवतो. याच्यापेक्षा सोपा प्राणी कुठला, असं वाटणं साहजिकच आहे.

माझं उत्तर ठरलेलं आहे. पेटी घे. हीट मॅट घे, थर्मोस्टॅट घे, दोन हायग्रोमीटर घे, पाण्याचं भांडं ठेव. साप घेऊ नकोस. एक वर्षभर ती रिकामी पेटी पाळ.

यावर समोरचा हसतो. मी विनोद करतोय असं त्याला वाटतं. तर मंडळी, मी विनोद करत नाहीये, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख. मी स्वतः साप पाळत नाही. पण एका मित्राच्या बॉल पायथनची पेटी गेली काही वर्षं जवळून बघतोय, आणि तो गावाला गेला की तिची राखण माझ्याकडे असते. त्यातून माझं एक ठाम मत झालंय: आपल्या भागात साप पाळण्यातला सगळ्यात अवघड भाग खाणं नाही, जागा नाही, भीती तर नाहीच नाही. अवघड भाग आहे हवेतलं पाणी.

आधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण तिथेच निम्मे लोक गळतात (आणि गळायलाच हवेत). नाग, घोणस, धामण, दिवड, आपला भारतीय अजगर, यातला कुठलाही देशी साप घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. 'पावसात सोसायटीत आला, म्हणून ठेवून घेतला' हेही चालत नाही. सर्पमित्राला नाहीतर वनखात्याला कळवायचं, विषय संपला. परदेशी सापांची गोष्ट वेगळी. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली. मग २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. बॉल पायथन हा साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला साप, त्यामुळे त्याची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा 'कागदाचं नंतर बघू' म्हणाला, तर तुम्ही तिथून निघायचं.

हे प्राणी कुठल्या वाटेने येतात तेही एकदा बघून ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर डीआरआयने बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाला पकडलं. त्याच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांमध्ये ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक होते. जिवंत. बिस्किटाच्या पुड्यात. अशा मालाला गिऱ्हाईक मिळतं म्हणूनच तो येतो, आणि ते गिऱ्हाईक आपल्याच पगारगटातलं असतं. असो.

आता समजा कागद चोख आहेत. तुम्ही पेटी मांडलीत. सोबत एक माहितीपत्रक मिळालं किंवा नेटवरून उतरवून घेतलंत. त्यात लिहिलेलं असतं: उबदार बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २६-२७ अंश, आर्द्रता ६० टक्के, कात टाकायच्या वेळी जरा जास्त. आर्द्रता कमी पडली तर रोज एक-दोनदा फवारा मारा.

हे पत्रक खोटं नाही. फक्त ते मीरा रोडसाठी लिहिलेलं नाही.

ही पत्रकं बहुतेक अमेरिकेत किंवा युरोपात लिहिली गेली. तिथे हिवाळ्यात बाहेर शून्य अंश तापमान असतं आणि घरात हीटर चालू असतो. शून्य अंशाची हवा पाण्याने काठोकाठ भरलेली असली तरी तिच्यात पाणी असतं थोडंसंच. तीच हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १०० वरून साधारण २३ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढलेली असते. अशा घरात साप पाळणाऱ्याचं सगळं आयुष्य पेटीत ओल टिकवण्यात जातं. म्हणून पत्रकात पानोपानी फवारा, जाळी झाका, भोकं बुजवा, फॉगर लावा.

आणि आपण? आपल्या एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, मध्ये खाजण आणि मिठागरं, पूर्वेला घोडबंदरचे आणि नॅशनल पार्कचे डोंगर. जुलैत टॉवेल तीन दिवस वाळत नाही. कपाटातल्या चामड्याच्या बुटांना बुरशी धरते. आणि आपण सापाच्या पेटीची भोकं बुजवून आत फवारा मारतोय!

पण थांबा. 'मग आपल्याकडे फवाऱ्याची गरजच नाही' असा निष्कर्ष काढलात तर तोही चुकेल. इथे थोडं गणित करू. आपण इंजिनियर लोक, गणिताला घाबरायचं कारण नाही.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे अपूर्णांक आहे. अंशात हवेतलं प्रत्यक्ष पाणी. छेदात, त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त किती पाणी धरू शकते तो आकडा. तापमान वाढलं की छेद वाढतो. अंश तोच राहिला तरी टक्केवारी खाली येते. आपल्यापैकी बरेच जण फक्त टक्केवारी बघतात आणि छेद हलतोय हे विसरतात. (ऑफिसातल्या रिपोर्टमध्येही हेच होतं, पण तो वेगळा लेख.)

जुलैतली एक दुपार घ्या. खोलीत २७ अंश, आर्द्रता ९० टक्के, खिडक्या उघड्या. पेटीच्या उबदार कोपऱ्यात हीट मॅटमुळे हवा ३२ अंश. पाण्याचा एक थेंबही न काढता तिथली आर्द्रता होते साधारण ६७ टक्के. म्हणजे काहीही न करता पत्रकातला आकडा मिळाला, फवाऱ्याशिवाय.

आता तीच पेटी, तोच दिवस, रात्रीचे अकरा. दारं-खिडक्या बंद, एसी २४ वर. एसी हवा नुसती गार करत नाही, तिच्यातलं पाणी काढून बाहेरच्या नळीतून टपटप सोडतो. एसीच्या खोलीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येऊन बसली असं धरू. त्याच हवेला पेटीच्या उबदार कोपऱ्यात ३२ अंशांपर्यंत तापवा. आर्द्रता होते ३१ टक्के! थरच्या वाळवंटातल्या उन्हाळी दुपारची आठवण व्हावी इतकी कोरडी हवा. बाहेर मात्र धो धो पाऊस.

म्हणजे एका पेटीत, एकाच दिवसात, दुपारी ६७ आणि रात्री ३१. भर पावसाळ्यात.

माझ्या मित्राच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि म्हणूनच हे गणित मला बसून करावं लागलं. जुलै महिन्यात त्याच्या सापाची कात तुकड्यातुकड्यांत निघाली. एका डोळ्यावर जुना पापुद्रा तसाच राहिला. मित्राने पत्रक काढलं. पत्रक म्हणालं, कोरडं पडतंय, फवारा वाढवा. त्याने वाढवला. तो फवारा मारायचा सकाळी ऑफिसला निघताना, म्हणजे एसी बंद करून. दिवसभर खोली बंद, हवा आधीच पाण्याने भरलेली, पेटीतलं पाणी सुकायला जागाच नाही. पंधरा-वीस दिवसांत सापाच्या पोटाकडच्या खवल्यांवर तांबूस फोड दिसायला लागले. कोरडेपणाचा आजार आणि ओलेपणाचा आजार, दोन्ही एकाच महिन्यात, एकाच सापाला. डॉक्टर शोधण्यात चार दिवस गेले, कारण कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, सापाला हात लावणारे बोटांवर मोजण्याइतके. साप वाचला. पण त्याचं श्रेय पत्रकाला नाही.

इथे सापाच्या शरीराबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर 'एवढं काय त्यात' असं वाटेल.

पहिली गोष्ट कात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तो कातेचाच भाग. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठतो, त्यामुळे डोळे दुधाळ निळसर दिसतात. काही दिवसांनी ते परत स्वच्छ होतात आणि मग साप नाकाडाकडून घासायला सुरुवात करतो. सगळं नीट झालं तर कात अख्खी निघते, पायमोजा उलटा काढावा तशी, डोळ्यांच्या काचांसकट. हवा कोरडी असली तर ती फाटते. शेपटीच्या टोकाला जुन्या कातेचं कडं राहिलं तर ते आवळून रक्त अडू शकतं. डोळ्यावरचा पापुद्रा ओढून काढायला गेलात तर खालचा डोळा दुखावतो.

दुसरी गोष्ट श्वास. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे छातीत साठलेला कफ तो आपल्यासारखा खोकून बाहेर टाकू शकत नाही. कोंदट, ओल्या, गार पेटीत फुप्फुसाचा संसर्ग झाला की आधी घरघर, मग नाकपुड्यांवर बुडबुडे, मग तोंड उघडं ठेवून श्वास. आणि हे सगळं आवाज न करता. कुत्रा आजारी पडला की घरात फिरून सांगतो. साप कोपऱ्यात गुंडाळी करून बसतो, जसा तो बरा असतानाही बसलेला असतो.

म्हणून हवेतलं पाणी हा शोभेचा मुद्दा नाही. सापासाठी तो जगण्या-मरण्याचा मुद्दा आहे.

गंमत म्हणजे या बाबतीत मराठीत तीन वेगवेगळे शब्द आहेत आणि तिन्ही रोजच्या वापरातले आहेत: दमट, ओलं आणि कोंदट. दमट म्हणजे हवेत पाणी आहे. ओलं म्हणजे पाणी वस्तूवर बसलंय. कोंदट म्हणजे हवा हलत नाही. सापाला लागतं ते दमट. फवारा देतो ओलं. बुजवलेली भोकं देतात कोंदट. पत्रकात एकच आकडा असतो आणि तो आकडा या तिन्हीतला फरक सांगत नाही. ओल्या, कोंदट पेटीतला हायग्रोमीटरही ६० दाखवू शकतो आणि चांगल्या हवेशीर पेटीतलाही. आकडा सारखा, पण पहिल्या पेटीतला साप आजारी.

मग आकडा कशाला? खरं सांगायचं तर बॉल पायथन आकडा मागतच नाही. तो मागतो निवड. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि रात्री बाहेर येतो. वर कोरडी, तापलेली जमीन. आत हातभर खोलीवर दमट, संथ, स्थिर हवा. कात टाकायची वेळ आली की आत जास्त वेळ राहायचं. अंग शेकायचं असेल तर तोंडाशी यायचं. आर्द्रता तो स्वतःच जमवतो, फूटभर इकडे-तिकडे सरकून.

आपल्याकडचे सापही हेच करतात. काशिमीऱ्याच्या डोंगरउतारावरची धामण किंवा खाजणाच्या काठची दिवड दिवसभरात किती जागा बदलत असेल बघा. दगडाखाली, बांधाच्या भेगेत, उंदराच्या बिळात, झाडाच्या मुळाशी. प्रत्येक जागेची हवा वेगळी. तिला हायग्रोमीटर लागत नाही.

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपण फुकट्या माणसासाठी वापरतो. पण शब्दशः घेतली तर ती फार नेमकं निरीक्षण आहे. हे साप बीळ खणत नाहीत. ते दुसऱ्याने तयार केलेल्या हवेत राहतात. उंदराने किंवा वाळवीने मेहनत करून जी जागा बनवली, तिचा दमटपणा ते वापरतात. पेटीत उंदीर नाहीत, वाळवी नाही. तिथलं बीळ बनवायचं काम आपलं. साप पाळणारा माणूस हा त्या म्हणीतला उंदीर आहे :-)

एकदा हे पटलं की पेटीची मांडणी अगदी साधी होते. अख्खी पेटी दमट करायचा नाद सोडायचा. दोन लपणी ठेवायची, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही अंगाला घट्ट बसतील एवढी. तिसरं एक 'ओलसर बीळ': झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्याला साप सहज जाईल एवढं गुळगुळीत कडांचं भोक, आत पिळून घेतलेला मॉस किंवा नर्सरीत मिळणारं कोकोपीट. मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. हा डबा मध्यभागी नाहीतर उबदार बाजूच्या काठावर. बाकीची पेटी कोरडी. हवेची भोकं समोरासमोर, एक खाली, एक वर, म्हणजे हवा स्वतःहून फिरते. पाण्याचं भांडं जड, सांडणार नाही असं. एसीच्या झोतात पेटी ठेवायची नाही. शक्य असेल तर एसीच्या खोलीतच ठेवायची नाही. लाकडाचा भुसा पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी धरतो, त्याच्याऐवजी कागद बरा. मळला की टाकून दिला.

आणि फॉगर? तो पावसाळ्यात मीरा रोडला विकत घेणं म्हणजे समुद्रात पाण्याची पिशवी नेऊन ओतणं.

आता मोजमाप. सगळ्या पेटीत एकच हायग्रोमीटर, तोही काचेला वर चिकटवलेला, म्हणजे दिल्लीचं तापमान बघून मुंबईत स्वेटर घालण्यासारखं. दोन हवेत, सापाच्या उंचीवर, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. काट्याचे स्वस्त गोल हायग्रोमीटर घेऊ नका, ते सरळ दहा-पंधरा टक्क्यांनी फेकतात. डिजिटल घेतला तरी तपासून घ्या. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं.

बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाका, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते बूच आणि हायग्रोमीटर एका घट्ट झाकणाच्या बरणीत शेजारी शेजारी ठेवा. बरणी रात्रभर एकाच तापमानाला राहू द्या. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हा मिठाचा गुणधर्म आहे, बरणी कुठलीही असो. हायग्रोमीटर ७० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात पाच मिळवायचे. झालं कॅलिब्रेशन.

भाईंदरमध्ये राहून हे मला फार आवडतं. लोकलमधून येता-जाता ज्यांनी मिठागरं पाहिली आहेत त्यांना हे चक्र माहीत आहे: पाऊस संपला की वाफ्यांत खारं पाणी घ्यायचं, उन्हाने आटवायचं, पावसाच्या आधी मीठ काढून झाकून ठेवायचं. सगळा धंदा हवेत अजून किती पाणी मावतंय या एकाच प्रश्नावर चालणारा. आणि घरातल्या मिठाला पाणी सुटायला लागलं की समजावं, हवा ७५ च्या पुढे गेली. खडे मिठाला तर त्याआधीच सुटतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. आपल्या आज्या बरणीत हात घालून जे ओळखत होत्या त्याला आपण आज हजार रुपयांचा सेन्सर लावतो. सेन्सर लावा, जरूर लावा. पण बरणीही बघा.

आता मुख्य मुद्द्याकडे, रिकामी पेटी का?

कारण आपल्याकडे वर्ष एक नाही, चार आहेत. जून ते सप्टेंबरची हवा वेगळी. ऑक्टोबरमध्ये ऊन तापतं पण जमिनीतली ओल अजून बाहेर येत असते. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री पारा १८ च्या खाली येतो, हीट मॅट जोरात चालते आणि तुम्हाला कळायच्या आत उबदार कोपरा तिशीच्या टक्क्यांत जातो. एप्रिल-मेमध्ये दिवसभर घाम आणि रात्रभर एसी. या चारही ऋतूंत तुमच्या खोलीत, तुमच्या खिडकीशी, तुमच्या एसीच्या सवयीसकट त्या पेटीत काय होतं, हे कुठलंच पत्रक सांगू शकत नाही. कुठलाच मित्रही नाही. माझ्या मित्राचे आकडे तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीला लागू नाहीत. ते फक्त तुमची पेटीच सांगेल. आणि पेटी शिकत असताना तिच्यात कोणी जिवंत असायची गरज नाही.

आपण कुठलंही सॉफ्टवेअर गिऱ्हाईकाच्या आधी रिकाम्या सर्व्हरवर चालवून बघतो. खोटा डेटा टाकतो, लोड देतो, रात्री दोनला काय पडतं ते बघतो. मग जिवंत प्राण्याच्या बाबतीत सरळ प्रॉडक्शनवर कसं काय जातो?

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत.

पहिला: "एवढं कशाला? माझ्या ओळखीतल्याचा साप साध्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मजेत आहे." असेल. बॉल पायथन चिवट असतो हे खरं. पण चिवट असणं म्हणजे मजेत असणं नव्हे. नीट ठेवला तर हा साप वीस-तीस वर्षं जगतो. दोन वर्षं तग धरलेला साप दाखवून काहीच सिद्ध होत नाही. आणि तो मजेत आहे हे ठरवलं कोणी? तक्रार करायला त्याला आवाज नाही.

दुसरा आक्षेप खास आपल्या जमातीचा: "मी सगळं ऑटोमेट करतो. सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, छोटा पंप. आर्द्रता ५५ च्या खाली गेली की आपोआप फवारा." ऐकायला झकास. पण वर बघितलं तसं, रात्री आकडा खाली येतो तो एसीने खोलीतल्या हवेतलं पाणी काढून घेतल्यामुळे. एसी चालू झाला, आकडा पडला, पंपाने पाणी सोडलं. परत पडला, परत सोडलं. सकाळी एसी बंद झाला आणि रात्रभरचं सगळं पाणी पेटीत साचून बसलं. माझ्या मित्राने हाताने महिनाभर जे केलं ते तुमचा प्रोग्रॅम एका रात्रीत करून दाखवेल. माझं मत स्पष्ट आहे: तापमान ऑटोमेट करा, थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावूच नका. आर्द्रता मात्र फक्त नोंदवा. आकडा हद्दीबाहेर गेला तर फोनवर कळवा. पाणी घालायचा निर्णय पेटी उघडून, हात आत घालून, माणसाने घ्यावा.

तिसरा आक्षेप जरा गंभीर: "असं वर्षभर थांबायला लावलंत तर कोणी सापच पाळणार नाही." यात तथ्य आहे. शंभरातले नव्वद जण तिसऱ्या महिन्यात कंटाळतील. पेटी माळ्यावर जाईल, हायग्रोमीटर बेडरूमच्या भिंतीवर लागेल. पण जो माणूस रिकाम्या पेटीला तीन महिन्यांत कंटाळला, तो भरलेल्या पेटीला किती महिन्यांत कंटाळला असता? फरक एवढाच की पहिल्या वेळी माळ्यावर फक्त पेटी गेली. कंटाळा आलेले परदेशी साप लोक रात्री जंगलाच्या कडेला सोडून देतात, आणि आपल्या पूर्वेला तर जंगल अगदी हाताच्या अंतरावर आहे. हा साप तिथे जगला तरी वाईट, मेला तरी वाईट.

आणि उरलेले दहा? त्यांच्याकडे वर्षाच्या शेवटी एक वही असेल, नाहीतर एक्सेल शीट. कुठल्या महिन्यात भोकं किती उघडी, ओलसर डबा किती दिवसांनी भरायचा, एसी किती वर ठेवायचा, सगळं त्यांच्याच खोलीतलं. साप येईल तेव्हा त्याला आयतं बीळ मिळेल, आणि पहिली कात अख्खी निघण्याची शक्यता खूप वाढेल.

मला त्या दहांबद्दल काहीच तक्रार नाही. उलट कौतुक आहे. सापाला त्याच्या फूटभर इकडे-तिकडे सरकण्याच्या जगातून उचलून तीन फुटांच्या पेटीत आणायचं आपण ठरवलं, तर हवा निवडायचं त्याचं स्वातंत्र्य आपण काढून घेतलेलं असतं. ते जितकं परत देता येईल तितकं देणं हे प्राणिप्रेम वगैरे नाही, साधी देणेकऱ्याची जबाबदारी आहे. ज्याला ती घ्यायचीय त्याने या जूनपासून सुरुवात करावी. मिठाच्या बरणीवर लक्ष ठेवावं, पहिल्या पावसाला पेटीजवळ बसून आकडे लिहून घ्यावेत. पुढच्या जूनपर्यंत साप कुठे पळून जात नाही.